गाडीचं दावं

बैल इकायचे न्हाईत असं मी म्हणलो, अन केवळानं माझ्या पुढ्यातलं ताट उचलून न्हेलं. अर्धी भाकर खायची राहिली होती. चाळीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं माझं ताट कधी उचललं न्हवतं.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. घरात कमावणारं माणूस आता एकच, आमची सून उज्वला. पोरगा बजरंग आवंदाच्या सुगीत मळणीयंत्रावरून पडला अन कंबरेतून गेला. बसवलं तर बसतो, उठवलं तर उठतो. शेत बटईनं दिलं. उज्वला लोह्याला एका डॉक्टरच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. सकाळी आठला मशीनवर आंगठा लावावा लागतो. आमच्या वाडीहून लोहा तेरा किलोमीटर. सहाला एसटी होती तवर सगळं बेस चाललं होतं. भादव्यात वढ्यावरचा पूल वाहून गेला अन एसटी बंद झाली. नळ्या टाकून कच्चा रस्ता केला हाय, त्याच्यावरून टमटम जाती, पण टमटमवाला शिटा भरल्याबिगर जाग्यावरून हालत न्हाई. लोह्यात जाईस्तोवर नऊ वाजतात. गावातल्या दूधवाल्या आनंदराजच्या फटफटीला दुधाच्या चार कॅना, तिथं माणसाला जागा न्हाई. दुसऱ्या कुणाच्या मागं बसून दोन दिवस गेली, तर तिसऱ्या दिवशी पारावर कुजबुज सुरू. गावाच्या तोंडाला कोण झाकण घालणार.

डॉक्टरनं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणला, सोमवारपासून आठला येत असशील तर ये, न्हाईतर मी दुसरी पोरगी बघून ठिवली हाय. हे उज्वलानं चुलीपुढं बसून सांगितलं. रडली न्हाई का काही न्हाई. बजरंगाच्या गोळ्या, लेकराची फी, मीठमिरची, सगळं तिच्याच पगारावर चाललेलं.

"गाडी घ्यावी लागंल, मामा," ती मला म्हणली. सून मला मामा म्हणती. "जुनीच फटफटी बघू. पण या चार दिवसांत."

गाडी तिला चालवता येती. माहेर हदगावकडचं, तिथं भावाच्या गाडीवर शिकली. पैशाचा सवाल तेवढा उरला, अन घरात इकण्याजोगं दुसरं होतं काय. शेतच बटईला तर बैलांना उभ्यानं वैरण घालून राहिलो होतो मी. लाल कंधारी जोडी, माझ्या हातची. बाजारात उभी केली अन अर्ध्या तासात गेली. जाताना दोघांच्या गळ्यातली दावी मी काढून घेतली अन घरी येऊन खुंट्याला टांगली. आपल्यात इकणारा दावं देत न्हाई. दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाती म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणावं. त्या रात्री मला भाकर ग्वाड लागली न्हाई.

आता माझं सांगतो. हणमंतराव म्हणलं की माळेगावच्या जत्रंत लोकं वळून बघतात. दात, खूर, भोवरा, चाल, एका नजरंत सांगतो मी जनावर कसं हाय ते. जोडी घ्यायला लोकं मला परभणीपर्यंत न्हेतात. म्हणून मी म्हणलो, गाडी मी पारखणार. बजरंग खाटल्यावरून म्हणला, अण्णा, गाडी म्हंजी बैल न्हाई. मी त्याला गप बस म्हणलो.

रविवारी सून अन मी नायगावला गेलो. तिथं उमाशंकर नावाचा जुन्या गाड्यांचा दलाल. त्यानं एक काळी गाडी पुढं केली, इतकी चकाचक की तोंड बघून घ्यावं. नवं शीट, नवा रंग. म्हणला, मास्तरची गाडी हाय, घर ते शाळा, शाळा ते घर. मीटर बघा, वीस हजाराच्या पुढं गेली न्हाई. उज्वलाचा जीव बसला त्या गाडीवर. मी खाली बसलो अन पाय ठिवायचं रबर बघितलं. पार गुळगुळीत. किकची दांडी झिजून पांढरी पडलेली. मी म्हणलो, उमाशंकरराव, बैलाची शिंगं तासून तेल लावलं म्हणून दात लपत न्हाईत. हा बैल सगळे दात जुळून दहा वर्षं झाली. भवतालची माणसं हसली. उमाशंकर चिडला, पण जाता जाता एक बोलला. म्हातारबा, कुठंबी घे, कागद तेवढा बघून घे. मी मनात म्हणलो, चोर मला शहाणपण शिकवतोय.

तिथंच कुणीतरी सांगितलं की पल्याडच्या गावात माणिकप्पांची गाडी इकायची हाय. माणिकप्पा म्हंजी माझ्याच वयाचा शेतकरी माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिसत न्हाई म्हणून गाडी इकून राहिला. मी आधी त्याचा गोठा बघितला. शेण काढलेलं, गव्हाण झाडलेली, म्हशीच्या अंगावर गोचीड न्हाई. ज्याचा गोठा असा त्याची गाडी काय वंगाळ असणार. गाडी जुनीच होती, रंग उडालेली, पण एका किकला उठली अन आवाज कसा एकसुरी. उज्वला गावाबाहेर चालवून आली अन मान हालवली.

सौदा आम्ही रुमालाखाली केला. माणिकप्पा बी जुना बाजार केलेला गडी. रुमाल टाकला, आत भावाची बोटं दाबली, त्यानं एक बोट सोडलं, मी एक धरलं, झालं. दोघंबी खूश. किती वर्षांनी असा माणूस भेटला होता.

तो मग भिंत चाचपत आत गेला, कागद आणायला. तवा माझ्या तोंडातून निघालं ते आजबी माझ्या काळजात रुतून बसलंय. मी म्हणलो, "राहू द्या, माणिकप्पा. बैल इकणारा दावं देत न्हाई. कागद म्हंजी गाडीचं दावंच की. तुमच्या गोठ्याची बरकत तुमच्यापाशी राहू द्या."

उज्वला हळूच म्हणली, मामा, कागद लागतो. मी तिच्यावर डोळे वटारले. चार माणसांत सुनेनं शिकवावं? आठ दिवसांनी घिऊ म्हणलं, नावावर करायच्या वखताला. इमानाचा माणूस हाय, पळून जातो का. माझा जिम्मा. हार घातला, चाकाखाली लिंबू ठिवला अन आलो गाडीवर बसून. येताना मी पाठीमागं ताठ बसलो होतो.

सोमवारी साडेसातला लोह्याच्या नाक्यावर गाडी धरली. हवालदार वाईट माणूस न्हवता. कागद दाखवा म्हणला, कागद न्हाई. नंबर मोबाईलवर टाकला तर माणिकप्पांचं नाव आलं. ताई, गाडी चोरीची न्हाई हे मला कसं कळावं, मालकाला आणा न्हाईतर कागद आणा. माणिकप्पाला फोन लावला तर बंद. गाडी ठाण्यात गेली. उज्वला पळत दवाखान्यात पोचली तवा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टर ओरडला न्हाई. म्हणला, आज शेवटचं माफ करतो. उद्यापासून एक मिनिट उशीर झाला तर येऊच नको.

उज्वलाचा फोन आला तसा मी निघालो. दोन टमटम अन एक एसटी बदलून माणिकप्पाच्या गावी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणली, आज सकाळीच लेकीनं लातूरला न्हेलं डोळ्याच्या आपरेशनला. कवा येतील? ते काय सांगावं, शनवार-ऐतवार. कुणाचा नंबर? तिच्यापाशी न्हवता. मी त्या कुलपाकडं बघत ओट्यावर बसलो. आत, दोन हातावर, तो कागद असणार. मला भडभडून आलं. परक्या गावात, परक्या ओट्यावर, म्हातारा माणूस मी रडलो.

घरी आलो तर केवळा एवढंच म्हणली, बैल गेला अन झोपा केला. बजरंग भिताडाकडं तोंड करून पडला. मी बैल घालवले होते, गाडी घालवली होती, आता सुनेचं काम घालवायला निघालो होतो.

उज्वलानं भाकरी बांधून ठिवल्या अन म्हणली, मी चालत जाती. तेरा किलोमीटर. पावणेपाचला निघालं की आठच्या आत पोचता येतं. एकट्या बाईला कसं सोडावं, मी बी निघालो. मंगळवार, बुधवार, बेस्तरवार, शुक्रवार, चार दिवस आम्ही चाललो. येताना तिला सांच्याची टमटम मिळायची. चालताना ती बोलायची न्हाई. मला वाटायचं, शिव्या दे बाई, म्हाताऱ्याचा ताठा मोड एकदाचा. ती पदर खोचून पुढं, मी काठी टेकत मागं. बुधवारी वढ्यातल्या नळ्यांवर तिच्या चपलीचा अंगठा तुटला. अनवाणीच गेली. बेस्तरवारी टाचंतून रगत येऊन राहिलं होतं, धुळीत वलं पाऊल उमटायचं. मी म्हणलो, माय, मागं फिरू, मी डॉक्टरच्या पाया पडतो.

"तुम्ही फिरा मागं, मामा," ती म्हणली. "मला आठला आंगठा लावायचा हाय."

त्या दिवशी आठला दोन मिनिटं कमी असताना ती आत शिरली. मी दवाखान्याच्या पायरीवर पाय चोळत बसलो. शुक्रवारी मी निम्म्या वाटंतच खाली बसलो. ती एकटी पुढं गेली, उजाडलेल्या रस्त्यानं, लंगडत. ती ठिपका होईस्तोवर मी बघत राहिलो.

शनवारी तिला सुटी होती. दुपारी दारात टमटम थांबली. लेकीचा हात धरून माणिकप्पा उतरला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. शेजारणीनं सांगितलं तसा घरातून कागद तेवढा उचलून, पाणीबी न पिता आला होता. फडक्यात बांधलेला. मी त्याच्या पुढं मान खाली घालून उभा राहिलो.

"हणमंतराव, मी कागद देवापुढून उचलून तुमच्याच हातात द्यायला निघालो होतो," तो म्हणला. "तुम्ही राहू द्या म्हणलात. मला वाटलं, येवढा जाणता माणूस म्हणतो, तर असंल काही तुमच्याकडली रीत. इचारायची लाज वाटली मला."

तवाच लोह्याला गेलो. माणिकप्पानं ठाण्यात सही केली, आम्ही दंड भरला, गाडी सुटली. रातच्याला ती मी गोठ्यात लावली, बैलांच्या जागी. अन हाताला सवय असती ना, खुंट्यावरचं एक दावं काढलं अन पुढच्या चाकाला बांधून गाठ मारली. माझ्या ध्यानात बी आलं न्हाई.

सोमवारी सात वाजता उज्वला गोठ्यात आली. टाचंला चिंधी बांधलेली. खाली बसून तिनं गाठ सोडली. दाव्याची नीट गुंडाळी केली, माझ्यापाशी आली अन माझ्या हातावर ठिवली.

"मामा, दावं तुमच्यापाशी राहू द्या. कागद मी ठिवती."

तिच्या आवाजात राग न्हवता. असता तर बरं झालं असतं. तिनं पिशवीत हात घालून कागद हाय का बघितलं, किक मारली अन गेली. मी दावं घिऊन रिकाम्या गव्हाणीपाशी उभा राहिलो.

आतून बजरंगानं इचारलं, गेली का?

गेली म्हणलो.

"किती वाजले?"

"सात."

"मग पोचती," तो म्हणला.