गळ्यात न बांधलेली कवडी

मी एक जुनी कवडी आहे. किती जुनी ते विचारू नका. माझी पाठ इतकी झिजली आहे की बोट ठेवलं तर निसटतं. माझा मुक्काम औशाला, अलीकडेपर्यंत धोंडाबाईंच्या गळ्यातल्या माळेत. धोंडाबाई देवीच्या आराधी, म्हणजे तिची गाणी गाणाऱ्या भक्त. दर मंगळवारी त्यांच्या ओसरीवर बायका जमतात, संबळ वाजतो आणि मीही बाईंच्या छातीवर ताल धरायचे.

मित्रांनो, माझा जन्म मालदीवच्या समुद्रातला. तिथल्या बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून आम्हाला वेचलं, वाळूत पुरलं, धुतलं आणि गोणीत भरलं. पुढे एका बंदरात आमची ताटातूट झाली. मूठभर बहिणींबरोबर मी व्यापाऱ्याच्या बैलावरून इकडे आले. बाकीच्या गोण्या गोऱ्यांच्या जहाजांत चढल्या. त्या कुठे गेल्या? हा प्रश्न मला पिढ्यान्‌पिढ्या कुरतडत होता. चौकसपणा माझा स्वभावच आहे; जन्मापासून जिचं तोंड उघडं, तिने दुसरं काय करावं!

उत्तर आलं ते एसटीने. घाना देशातला सेलॉर्म जवळच्या लातूरला शेतकी शिकत होता. तीन घरांतून नकार ऐकून तो आमच्याकडे खोली विचारायला आला. मागे गल्लीतली पोरं ‘ए काळ्या’ म्हणून ओरडत होती. धोंडाबाईंनी त्यांना असं झापलं की गल्ली चिडीचूप झाली.

“लई उंच पोरगं हाय. नजर लागंल,” म्हणत त्यांनी मला माळेतून सोडवलं आणि काळ्या दोऱ्यात ओवलं. आराधी बाईने आपल्या माळेतली कवडी देणं म्हणजे समोरच्याला घरचं मानणं. बाईंनी दोरा त्याच्या गळ्याशी नेला मात्र, तो दचकून मागे सरला. मी फरशीवर आदळले.

देवीची कवडी जमिनीवर! बाईंचा चेहराच उतरला. “ज्याला माझ्या देवीचा मान न्हाई, त्याला हितं जागा न्हाई.”

सेलॉर्मने पिशवी उचलली. पण उंबऱ्याशी थांबून तो तुटक्या मराठीत म्हणाला, “माफ करा, मावशी. आमच्या घरात कवडी गळ्यात बांधत नाहीत. याच कवड्या देऊन गोऱ्यांनी आमची माणसं विकत घेतली.”

मी कान टवकारले. कवडीला कान कुठले, म्हणाल, असू द्या.

तो सांगत गेला. त्यांच्या किनाऱ्यावर जहाजांतून कवड्यांच्या गोण्या उतरायच्या आणि साखळदंडातली माणसं चढायची. वाटेत मेली ती समुद्रात, जगली ती अमेरिकेत उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांत. तिथे त्यांचं नाव पुसून मालकाचं नाव लावायचे. “आजही तिकडे आमचे भाऊबंद आहेत. त्यांना आमचं गाव माहीत नाही, आम्हाला त्यांचं नाव.”

म्हणजे माझ्या बहिणी तिथे गेल्या होत्या! आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. तरी मला फार लाज वाटली.

धोंडाबाई उंबऱ्याशी आल्या. “तुमच्या घरातलं कोण नेलं, बाबा?”

“एक मुलगी. अफी. शुक्रवारी जन्मलेल्या मुलीला आमच्यात हे नाव देतात. तेवढं नावच घरात उरलं.”

“शुक्कीरवारची? म्हंजी देवीच्या वाराची लेक की रं!”

त्यांनी मला उचललं, पदराने पुसलं आणि देवीच्या परडीत ठेवलं. “न्हाई बांधत गळ्यात. पिशवी खोलीत ठिव. अन् मंगळवारी बस आमच्यात.”

मंगळवारी गाण्याच्या आरंभी रीतीप्रमाणे गावोगावच्या देवांना बोलावणं झालं. तुळजापूरची आली, माहूरची आली. मग बाईंनी आवाज चढवला, “समुद्रापल्याडची अफी, तू बी ये गं!” सगळ्या बायकांनी झील ओढली, “ये गं!” सेलॉर्मने तोंड ओंजळीत लपवलं आणि तो हमसून हमसून रडला.

मित्रांनो, आता मी परडीतच असते. माझ्या बहिणी कुठे गेल्या ते कळलं, पण नवा प्रश्न लागला आहे: अफीसारख्या विकत नेलेल्या बाकीच्या माणसांची नावं काय होती? ते शोधायला तुम्ही मोठे व्हा. तोवर एवढं करा. कुणी परका माणूस तुमच्या गल्लीत आला, तर ओरडण्याआधी त्याला त्याचं नाव विचारा. अफीला ते कुणीच विचारलं नव्हतं.