बसच्या मागचे दोन दिवे

शिंप्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि त्याच्यावर बायकोच्या मोटरसायकलवर मागं बसायची वेळ आली. एरवी घरात दोन गाड्या होत्या. तो लवकर निघायचा, ती त्याच्या मागून दवाखान्यात नर्सच्या कामावर जायची. रिक्षा आणि टेम्पो यांच्यामधली फट बघून तो नेहमीसारखा घुसला होता. या खेपेला फटच मिटली.

तिला गाडी त्यानंच शिकवली होती. मागं बसूनही त्याचं शिकवणं सरेना. इथून घाल, त्याच्या आधी काढ, हॉर्न तरी दे. ती "हो" म्हणायची आणि आपल्याच चालीनं जायची. घाई नाही, खोळंबा नाही. पाणी जसं उताराची वाट काढतं तशी तिची गाडी गर्दीतून वाट काढायची. ते बघून त्याच्या पोटात थोडं दुखायचं, पण तिथवर ठीक होतं.

पुलाखाली बसथांबा होता. तिथून बसला रस्त्यावर यायचं म्हणजे परीक्षाच. उजवीकडचा दिवा लुकलुकत राहायचा, आणि बाजूनं रिक्षा, मोटरसायकली, हातगाड्या अशा वाहत राहायच्या जशी काही बस म्हणजे भिंत. तिथं ती थांबली. एक पाय टेकवला, हात पुढं करून 'जा बाबा' अशी खूण केली. मागून हॉर्नचा गलका उठला, ती ढिम्म. बस रस्त्यावर आली. ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, केसाळ, मनगटावर स्टीलचं घड्याळ. मग बसचे मागचे दोन्ही दिवे दोनदा लुकलुकले. तिनं हेल्मेट हलवलं.

"कोण गं तो?"

"बसवाला."

"ओळखीचा?"

"रोजचा," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

ओळखीचा म्हणाली असती तर परवडलं असतं. ओळखीच्याचं नावगाव विचारता येतं. रोजच्याला काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशीही तो हात आला. त्यानंतरही. शिंप्याला त्या हाताचा चेहरा दिसेना, म्हणून तो रोज नवा चेहरा लावी: कधी मिशीवाला, कधी कुरळ्या केसांचा, आणि दर वेळी आपल्यापेक्षा उंच. ती रात्री हेल्मेटची काच पुसत गुणगुणायची, तर त्याला वाटे, काच कुणासाठी एवढी लख्ख? तिनं नवे हातमोजे घेतले, तेव्हा त्यानं विचारलं, जुन्यांना काय धाड भरली होती. ती म्हणाली, भोक पडलंय, तुम्हीच शिवून देणार होता. सुईला दोरा सापडेना, मनाला टाका बसेना, अशी त्याची गत झाली. सगळ्यात जास्त खुपली ती एकच गोष्ट: लग्नाला इतकी वर्षं झाली, आपण हिच्यासाठी कधी एक दिवा तरी लुकलुकवला का?

त्यानं तिच्या नकळत गॅरेजवाल्याला गाठलं. बायकोच्या गाडीला गिऱ्हाईक बघ, म्हणाला. हात बरा झाला की मीच सोडीन तिला, एका घरात दोन गाड्या कशाला. गॅरेजवाला म्हणाला, रविवारी माणूस आणतो.

पण गाडी विकायच्या आधी तो हात कुणाचा, हे बघायचंच होतं. शुक्रवारी डॉक्टरकडं जायचंय असं सांगून तो एकटाच निघाला आणि अलीकडच्या थांब्यावर तीच बस पकडून ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसला. हात ओळखीचा निघाला. चेहरा मात्र कुठल्याच यादीतला नव्हता. पिकल्या केसांचा, पोट सुटलेला माणूस. शर्टाचं तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं, बाकीची पांढऱ्यानं. शिंप्याला क्षणभर त्याची दयाच आली.

पुलाखाली बस थांबली. माणसं उतरली, चढली. उजवीकडून लोंढा चालूच.

"कसं निघता हो तुम्ही इथून?" शिंप्यानं विचारलं.

"एक बाई आहे. आम्ही तिला 'जा बाबा' म्हणतो. ती आली की निघतो." ड्रायव्हरनं आरशाकडं मान केली. "तोंड कधी बघितलं नाही तिचं, हेल्मेटच बघतो. पण ती थांबली की वाटतं, आपण पण माणूस आहोत."

शिंप्यानं खिडकीतून मागं पाहिलं. ती येत होती. थांबली, पाय टेकवला, हात पुढं केला. तो हात त्यानं रोज तिच्या पाठीमागून पाहिला होता. समोरून आज पहिल्यांदा पाहिला. इतकी देखणी खूण आपल्याला कुणी कधी केली नाही, असं त्याला वाटलं, आणि जळफळाटानं फक्त कूस बदलली.

ड्रायव्हरनं हात बाहेर काढला, दिवे लुकलुकवले. मग हसला. "आणि तिच्या आधी एक यायचा, त्याला आम्ही सुई म्हणतो. फट दिसली की घुसला. उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पायांतून डावीकडनं जायचा, हेल्मेटवर कात्रीचं चित्र. हल्ली दिसत नाही. पडला असेल कुठंतरी."

शिंप्यानं प्लास्टरचा हात हळूच खिडकीतून आत घेतला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याला त्यानं दारातूनच वाटेला लावलं. बायकोनं कोण होतं म्हणून विचारलंही नाही.

प्लास्टर निघालं. पहिल्याच सकाळी शिंपी पुलाखाली थांबला. पाय टेकवला, हात पुढं केला. मागचे लोक त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले. बस निघाली आणि गेली. हात नाही, दिवे नाहीत. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं ते असं, की हा आता कुठली नवी खोडी काढतोय.

संध्याकाळी त्याला राहवलं नाही. "तुला दिवे लावतो, मला का नाही?"

"मला तरी पहिल्या दिवशी कुठं लावले?" ती भांडी विसळत होती. "आणि तुम्ही त्या दिवशी बसमध्ये होता. तुमचा पांढरा हात होता ना खिडकीत. रविवारचंही गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं मला."

तो म्हणाला, "बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्या बससारखे निघायच्या बेतात दिसत होता. म्हटलं, निघू द्यावं."

दुसऱ्या दिवशी दोघं एकदमच घराबाहेर पडली. तो पुढं, ती मागं. पुलाखाली तो थांबला. बस बाहेर आली, केसाळ हात वर झाला आणि मागचे दोन्ही दिवे दोनदा लुकलुकले. शिंप्याचा ऊर भरून आला. त्यानं हेल्मेट हलवलं, अगदी तिच्यासारखं.

मग सहज त्याची नजर आरशात गेली. त्याच्या अगदी पाठीशी तीही थांबली होती. एक पाय टेकवलेला, हात अजून पुढंच.