खड्यातला चिकटा

मित्रांनो, मी एक जुना चिकटा आहे. हसू नका. मुतखडा म्हटलं की सगळ्यांना खडा आठवतो, पण त्याच्या आतला मऊ, लिबलिबीत पदार्थ कुणाला ठाऊकही नसतो. तो मी. शंभर भागांत माझे जेमतेम दोन-तीन, बाकी सगळे क्षार. पण त्या क्षारांना एकत्र धरून ठेवण्यात माझाही हात असतो.

माझा जन्म माईकताईंच्या उजव्या मूत्रपिंडात झाला. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागणार, हे ताई बसस्थानकातल्या काचेच्या खोलीतून दिवसभर सांगायच्या. आवाज असा खणखणीत, की पेंगणारा प्रवासीही पिशवी उचलून उभा राहायचा. पण ताई पाणी पीत नसत. बायकांच्या स्वच्छतागृहाची चावी साहेबांच्या खिशात, आणि साहेब नेमके चहाला गेलेले. सापडलेच, तर चार लोकांत "परत? आत्ताच तर नेली होती" असं ऐकायचं. त्यापेक्षा तहान मारलेली बरी, असं ताईंनी ठरवून टाकलं.

त्या तहानेवर आम्ही पोसलो. एक थर क्षारांचा, एक माझा, असा आमचा संसार वाढत गेला. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. मग एका दुपारी माईक चालू असतानाच ताई कळवळल्या आणि सगळ्या स्थानकानं ते ऐकलं. तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली.

शस्त्रक्रिया झाली, आम्ही बाहेर आलो. डॉक्टर म्हणाले, "हा दुसरा खडा. तिसरा झाला तर या मूत्रपिंडाची खात्री मी देणार नाही." ताईंच्या नणंदबाई आमच्या नावानं खडे फोडत राहिल्या. आम्ही स्वतःच खडे, काय बोलणार?

तपासणीसाठी आम्ही लॅबवाल्या काकांकडे गेलो. निवृत्तीला आलेला माणूस, पण हौस दांडगी. काम झाल्यावर त्यांनी उरलेला तुकडा एका द्रवात बुडवून ठेवला. काही दिवसांत क्षार विरघळून गेले. मला वाटलं, संपलं आपलं. पण मी उरलो होतो, खड्याचाच आकार धरून, सायीसारखा मऊ. काकांनी मला कितीतरी वेळ निरखून पाहिलं. तसं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ताई अहवाल न्यायला आल्या तेव्हा काकांनी माझी बाटली पुढे केली. "हा बघा तुमचा पाहुणा."

"एवढासा? आणि इतका मऊ?"

"मऊच असतो. त्याला बसायला जागा आपण देतो. पाणी किती पिता?"

"पिते की," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "नाही पीत. चावी मागायची लाज वाटते."

"दिवसभर साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलता, आणि एक चावी मागायला लाजता होय?"

ताईंनी मला मागून घेतलं. रजा संपली तसा मी माईकशेजारी जाऊन बसलो. ताई तांब्याभर पाणी प्यायल्या. दोन तासांनी साहेबांकडे गेल्या, तर खुर्ची रिकामी. त्या परत आल्या, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माईकचं बटण दाबलं.

"कृपया लक्ष द्या. महिलांच्या स्वच्छतागृहाची चावी ज्या साहेबांच्या खिशात आहे, त्यांनी ती ताबडतोब चौकशी खिडकीवर आणून द्यावी."

अख्खं स्थानक हसलं. साहेब हातातल्या कपासकट धावत आले. तेव्हापासून चावी खिडकीजवळच्या खिळ्याला असते. झाडूवाल्या मावशीसुद्धा कुणाला न विचारता ती घेऊन जातात.

मित्रांनो, तहान लागली की पाणी प्या. वर्गातून बाहेर जायचं असेल तर हात वर करायला लाजू नका, आणि दुसऱ्यानं केला तर हसू नका.

मी बाटलीत सुखात आहे. दोन वर्षं झाली, ताईंच्या तपासण्या वेळेवर होतात आणि मला धाकटं भावंड काही झालेलं नाही. खिळ्यावरच्या त्या चावीचा मी फार फार आभारी आहे.