एका मताचा रस्ता

कोठाराच्या मागे, कमरेइतक्या गवतात ते निळं काहीतरी दिसतंय ना, तो मी. आमदार एमिल कोवारिकचा ट्रक. तीन चाकं उरलीत, इंजिनात चिमण्यांनी संसार थाटलाय. हलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. आठवतंही सगळं, हेच वाईट.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग असा होता की लोक वळून बघायचे. एमिलने मला मक्याच्या बियाण्याची पोती वाहायला घेतलं. अमेरिकेत, मिसुरी नदीच्या पश्चिमेला, सेडर फोर्क नावाच्या लहानशा गावाबाहेर त्याचं शेत होतं. बोलायला तो कंजूष, पण समोरच्याचं ऐकून घ्यायचा. बियाणं घ्यायला आलेला शेतकरी तासभर मन मोकळं करून जायचा.

म्हणूनच जुने आमदार थकले तेव्हा गावाने एमिलला उभं केलं. तो नाहीच म्हणत होता. त्याची बायको अल्मा दारातून ओरडली, "अरे, निवडणूक लढवायला सांगतायत तुला, नाचायला नाही!"

मग आम्ही शेतोशेत हिंडलो. कुणाच्याही अंगणात शिरण्याआधी तो माझ्या स्टिअरिंगलाच भाषण म्हणून दाखवायचा. "नमस्कार, मी एमिल कोवारिक..." आणि पुढचं विसरायचा. एका म्हातारीने त्याला मधेच थांबवलं. "मत देईन रे, पण आधी ते वासरू धर. सुई टोचायचीय." त्याने वासरू धरलं. एकुलत्या एका सुटाला शेण लागलं, आणि त्याच सुटात तो माझ्यात बसून हसत घरी आला. निवडूनही आला.

सेडर फोर्कला एक लहान हॉस्पिटल होतं. अल्मा तिथे बाळंतपणाच्या खोलीत नर्स होती. आसपासच्या शेतांवरची निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. त्यांची स्वतःची मुलगी जोलीनही तिथलीच. दर वर्षी हॉस्पिटल बंद करायची भाषा निघायची आणि दर वर्षी एमिल सभागृहात उठून अनुदान मागायचा. राजधानीत त्याला 'हॉस्पिटलवाला' म्हणून चिडवायचे. त्याला ते आवडायचं.

अधिवेशन हिवाळ्यात असे. सोमवारी आम्ही राजधानीला जायचो, शुक्रवारी परत. विधानभवनाबाहेर चकचकीत गाड्यांच्या रांगेत मी एकटाच चिखलाने माखलेला. तिथे उभं राहून मी माणसं बघायचो. पहिल्या वर्षी पायऱ्या चढताना बिचकणारी माणसं काही वर्षांनी त्याच पायऱ्या घरच्यासारख्या उतरायची, आणि उतरताना कुणाच्या तरी खांद्यावर हात असायचा. एमिलच्याही खांद्यावर असे हात पडू लागले होते.

एका शुक्रवारी रँडल टोफ्टची गाडी बिघडली. टोफ्ट हा एमिलच्या पक्षाचा सभागृहातला नेता. वाटेवरच राहायचा, म्हणून एमिलने त्याला माझ्यात घेतलं. शहर मागे पडलं तसा टोफ्ट म्हणाला, "एमिल, या वर्षी लहान हॉस्पिटलांचं अनुदान कापतोय आपण. तुझं मत लागेल."

"वेडा आहेस का? माझी बायको तिथे काम करते."

"म्हणून तर आधी तुला सांगतोय. आज ना उद्या ते बंद होणारच. तुला बदल्यात काही हवं की नको, एवढंच ठरव."

तेवढ्यात माझं चाक खड्ड्यात आदळलं आणि टोफ्टचं डोकं छताला लागलं. तो कपाळ चोळत हसला. "हे घे! हा रस्ता. तुझ्या गावापासून थेट मोठ्या शहरापर्यंत नवाकोरा करून देतो. तिथे केवढं हॉस्पिटल आहे! तासाभरात पोचाल. लोक रोज त्यावरून जातील आणि रोज तुझं नाव घेतील."

"विचार करतो," एमिल म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. बियाणं विकताना तो हो म्हणायचा, नाहीतर नाही.

मतदानाच्या दिवशी घरी परतताना त्याने रेडिओ लावला. अनुदान कापायचं विधेयक एका मताने मंजूर झालं होतं. त्याने रेडिओ बंद केला, आणि बराच वेळ मला रस्त्याच्या कडेला उभं करून नुसता बसून राहिला.

अल्माला बातमी आधीच कळली होती. ती अंगणात आली. काच खाली करून तो म्हणाला, "ते बंद होणारच होतं, अल्मा."

"हो ना?" ती म्हणाली. "मग तुझ्या हाताने कशाला?"

हॉस्पिटलला कुलूप लागलं. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याचं काम सुरू झालं. काय रस्ता झाला! माझी म्हातारी हाडंही त्यावर सुखावली. कॉफीच्या दुकानात लोक एमिलची पाठ थोपटायचे. "आमदारसाहेब, आता गाडीत कॉफी सांडत नाही हं!"

मग फेब्रुवारीतली ती दुपार. जोलीन दिवस भरत आलेली, माहेरी होती. तिचा नवरा उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला. अचानक तिला रक्त जाऊ लागलं. रुग्णवाहिका तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली. एमिलने तिला उचलून माझ्यात बसवलं. अल्मा तिला बिलगून बसली.

आकाश स्वच्छ होतं. बर्फ नाही, वारा नाही. मी धावलो, आयुष्यात धावलो नव्हतो तसा. एमिल सारखा म्हणत होता, "पोचतोय हं, बेटा. आलंच." जोलीन आधी ओरडत होती, मग नुसती कण्हू लागली. अल्माचा हात तिच्या पोटावर होता.

अर्ध्या वाटेवर बाळ जन्मलं. मुलगी होती. अल्माने तिच्या तोंडात फुंकर घातली, बोटांनी छाती दाबली, पुन्हा फुंकर. मग ती म्हणाली, "एमिल, थांब जरा."

"थांबू कशाला? अजून थोडंच..."

"हिच्यासाठी आता घाई नाही. जोलीनला नीट झोपवू दे, मग चल."

तो थांबला. अल्माने आपला कोट काढून त्यात बाळाला गुंडाळलं. दोन्ही बाजूंना सपाट माळ, आणि मधून तो काळाभोर रस्ता, एकही खड्डा नसलेला.

जोलीन वाचली. परतीच्या वाटेवर अल्मा एकच वाक्य बोलली. "आपल्या हॉस्पिटलात असते तर मी वाचवलं असतं तिला." आवाजात राग नव्हता. एमिलला तो हवा होता, मला कळत होतं.

त्यानंतर तो कॉफीच्या दुकानात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हॉस्पिटल माझ्या मतामुळे गेलं. एका मताने." दार उघडं होतं, मी बाहेरून ऐकत होतो. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, सोड ते एमिल. बस. कॉफी घे." त्या शरदात त्यांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही.

जोलीन नवऱ्यासोबत मोठ्या शहरात राहायला गेली. तिच्या मागोमाग इतर तरुण जोडपीही गेली, कारण मुलं व्हायची तर दवाखाना जवळ हवा. मग शाळा बंद झाली, कॉफीचं दुकानही. सामानाने लादलेल्या गाड्या त्या गुळगुळीत रस्त्यावरून भरधाव निघून जायच्या.

शेवटी अल्माही जोलीनकडे गेली. भांडण नाही, काही नाही. निघताना तिने एमिलचा मफलर नीट केला आणि म्हणाली, "जेवत जा."

माझ्या सीटवरचा डाग कधी निघाला नाही. एमिलने काढायचा प्रयत्नही केला नाही. आमदारकी सोडली, मला इथे आणून लावलं. आता रोज दुपारी तो येतो, दार उघडतो, स्टिअरिंगवर हात ठेवतो आणि समोर बघत बसतो. किल्ली आणतच नाही. कधी कधी पुटपुटतो, "पोचतोय हं, बेटा."

भंगारवाला दोनदा येऊन गेला. एमिलने त्याला हाकलून दिलं. तुम्ही कुणी त्याच्या ओळखीचे असाल तर समजावा त्याला. मला तोडा, वितळवा, माझे खिळे करा, काहीही करा. मी इथे आहे तोवर तो येत राहणार. मी त्याला कुठेच नेऊ शकत नाही, आणि त्याला ते ठाऊक आहे.

कोठाराचं दार वाजलं. गवतात पावलं वाजतायत. आला तो.