कोरडी वाळू

सुलोचनाबाईंनी घमेल्यातल्या वाळूत बोटं खुपसली आणि पार तळापर्यंत फिरवली. वाळू कोरडी ठाक होती. सकाळपासून बोका नऊ वेळा त्या घमेल्यात जाऊन बसला होता. पाठीची कमान करून, शेपूट थरथरवत, प्रत्येक वेळी चांगला मिनिट-दोन मिनिटं. आणि नऊच्या नऊ वेळा बाईंनी त्याच्या मागून जाऊन अशीच बोटं घातली होती. एरवी मांजरानं चुलीकडे नुसतं पाहिलं तरी ओटा दोनदा धुणारी ही बाई. पण कालपासून तिला जगात दुसरं काही म्हणजे काही नको होतं. मूठभर वाळू ओली व्हावी, एवढंच मागणं होतं.

बोक्याचं नाव भुऱ्या. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या बांधकामावरच्या विटांमागे सापडलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू. आता तो फॉल-पिकोला आलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर ऐसपैस झोपायचा. देवळी गावातल्या बायका साडी टाकायला आल्या की आधी त्याची विचारपूस करायच्या आणि मग बाईंची.

लाड होते म्हणावेत तर होते, पण खरी गोष्ट वेगळी होती. मुलगी सपना लग्न होऊन हैदराबादला गेली आणि घरात दोन माणसं उरली. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. नुसतं बोलणं आटत गेलं. मग हा बोका आला, आणि दोघांनाही सोय झाली. “भुऱ्या, चहा झाला म्हणा त्यायले.” “भुऱ्या, साखर कमी पडली म्हणा तिले.” लाईटचं बिल, सपनाचा फोन, बाजारातली भेंडी, सगळं असं त्या मुक्या जनावराच्या कानावरून जायचं. हरिभाऊ तर दिवसातून एकदाही बायकोकडे पाहून बोलत नसत, पण बोक्याशी तासभर बोलत. बाईंना ते सगळं ऐकू येई आणि त्यातच त्यांचं भागे. भुऱ्या गेला तर या घरात कोण कोणाशी बोलणार, या विचारानं काल रात्री त्यांचा डोळा लागला नव्हता.

तसं पाहिलं तर दुखणं परवाच सुरू झालं असावं. मे महिना, पत्र्यावर पाय ठेववत नाही असं ऊन. काल सकाळी बोका वरचेवर घमेल्यात बसतोय हे दिसल्यावर बाईंनी मनाशी धरलं की याला उन्हाळी लागली. माणसाला लागते तशी मांजरालाही लागत असेल. त्यांनी धने-जिरे भिजत घातले, गाळून घेतले, आणि सपनाच्या लहानपणच्या ड्रॉपरनं दर तासाला ते पाणी त्याच्या जबड्यात सोडलं. पोटावर ओला फडका ठेवला. संध्याकाळपर्यंत कपभर पाणी पोटात गेलं. थेंब बाहेर आला नाही. आज सकाळी बोका एकदा तान्ह्या लेकरासारखा ओरडला आणि त्यानंतर त्यानं तोंडच उघडलं नाही. ते गप्प बसणं जास्त भ्यायला लावणारं होतं.

शेजारची गुंजन वर्ध्याला कॉलेजात जायची. तिनं मोबाईलवर शोधून तिथल्या जनावरांच्या एका खासगी डॉक्टरांना फोन लावून दिला. पलीकडची बाई फार गोड बोलली. ताबडतोब आणा म्हणाली, सोनोग्राफी करू, भरती ठेवू, आठ-नऊ हजार धरून चला. बाईंनी फोन गुंजनच्या हातात परत दिला आणि पदरानं तोंड पुसलं. हरिभाऊंची कापसाच्या जिनिंगवरची दिवाणजीगिरी जिनिंग बंद पडली तेव्हाच संपली होती. पेन्शन नावाची चीज त्या नोकरीत कधी नव्हतीच. शंभर साड्यांना फॉल लावला तेव्हा कुठे तेवढे पैसे दिसायचे, आणि भुऱ्याजवळ शंभर साड्यांइतका वेळ नव्हता.

हरिभाऊ ओसरीवर बसून होते. बाईंना वाटलं, हे आता म्हणतील, मांजरच ते, दुसरं आणू. पण त्यांनी टोपी घातली, खुंटीवरची भाजीची मोठी पिशवी काढली आणि बोक्यासमोर उकिडवे बसले.

“भुऱ्या, चाल. ढोराच्या दवाखान्यात जाऊ.”

“भुऱ्या, तिथं गाई-म्हशी पाह्यतात म्हणा,” बाई म्हणाल्या. “तुले कोण पाह्यन?”

“गाई-म्हशी काय मुतत नाई का म्हणा.”

बाईंनी जुन्या लुगड्यात बोक्याला गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं. एरवी चार बोटं ओरबाडल्याशिवाय पिशवीत न जाणारा तो, मुकाट गेला.

सरकारी दवाखान्याच्या अंगणात लोखंडी खोड्यात एक म्हैस अडकवली होती. योगेंद्र नावाचा तिथला परिचर तिची शेपटी धरून उभा होता. पिशवीतून कान दिसल्यावर त्याला हसू आलं. कानात बिल्ला नसलेल्या जनावराची नोंद कशी करू, म्हणाला. मग बाईंचा चेहरा पाहून त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं असावं, कारण त्यानं खुर्ची पुसून दिली.

आचल मॅडम, म्हणजे डॉक्टर, सपनाच्याच वयाच्या असतील. खांद्यापर्यंतचा हातमोजा काढून, हात धुऊन त्या आल्या. त्यांनी बोक्याच्या पोटाखाली दोन बोटं घातली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“काय दिलं याला घरी?”

बाईंनी सांगितलं. धने-जिऱ्याचं पाणी. कपभर. चुकलं नसेल ना, असं वाटून, ओला फडका ठेवल्याचंही सांगितलं.

“आजी, याला उन्हाळी नाही लागली. याची वाट बंद झाली आहे. बारीक रेतीसारखं काहीतरी अडकतं बोक्यांना. खालून नळ बंद, आणि तुम्ही वरून टाकी भरत बसल्या.”

मॅडमनी काही रागानं म्हटलं नव्हतं. तरी बाईंनी बोक्यावरचा हात काढून घेतला. दर तासाला, गजर लावल्यासारखं, त्याचा जबडा धरून आपणच ते पाणी सोडलं होतं. तो मान फिरवत होता तरी सोडलं होतं. शहाण्या माणसानं सांगितलेलं न ऐकणाऱ्या लेकराला दटावतात तसं दटावूनही घेतलं होतं. पुढचं त्यांना अर्धवटच ऐकू आलं. विष रक्तात चढतं, हृदय बंद पडू शकतं, आणखी अर्धा दिवस गेला असता तर काही करता आलं नसतं. आताही खात्री नाही.

अडचण अशी होती की त्या दवाखान्यात होत्या त्या सगळ्या नळ्या बैलाच्या मापाच्या. मॅडमनी कागदाच्या चिठोऱ्यावर नाव लिहिलं. तान्ह्या बाळाला सलाईन लावायची पिवळी सुई. सुई काढून टाकायची आणि वरची प्लॅस्टिकची नळी वापरायची. कोणत्याही मेडिकलमध्ये मिळेल, महाग नाही, दोन-तीन आणा. हरिभाऊ चिठोरा घेऊन निघाले. मेडिकल हाकेच्या अंतरावर होतं, तरी माणसाचा पत्ता नाही. बाई एका हातानं बोक्याचं डोकं धरून फाटकाकडे पाहत होत्या आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. शेवटी ते आले. घामानं निथळत होते. चार सुया आणल्या होत्या.

भुलीचं इंजेक्शन दिलं. भुऱ्याची मान बाईंच्या तळहातावर जड झाली, जीभ बाहेर आली. मेला, असंच त्यांना वाटलं. पण मॅडम न बोलता खाली वाकल्या होत्या, आणि योगेंद्रनं एव्हाना थट्टा सोडून मागचे पाय धरले होते. पहिली नळी आत जाईना. दुसरी वाकली. सलाईनचं पाणी हळूहळू सोडत मॅडमनी तिसरी घातली, थोडी फिरवली, थांबल्या, पुन्हा फिरवली. बाईंनी डोळे मिटून घेतले. भिडी गावच्या भैरवनाथाला त्यांनी काय काय कबूल केलं ते त्यांनाच ठाऊक. आणि स्टीलच्या ट्रेत बारीक आवाज सुरू झाला.

डोळे उघडले तर लालसर धार पडत होती. थांबत नव्हती. इवल्याशा जिवात एवढं पाणी साठलं होतं. त्यातलं कपभर आपलं, हे बाईंच्या मनातून जाईना, तरी त्यांना रडू आलं ते आनंदाचंच होतं.

मॅडमनी नळी टाक्यानं तिथंच बांधून ठेवली. उद्या सकाळी परत आणायचं, तीन दिवस डोळ्यात तेल घालून पाहायचं, पुन्हा अडूही शकतं. मग त्या टेबलाशी बसल्या आणि नोंदीचा कागद पुढे ओढला. मालकाचं नाव लिहिलं. जनावर, इतर. नर.

“त्रास कधीपासून आहे?”

बाई परवा म्हणणार, तोच मागून आवाज आला.

“दोन महिने झाले.”

बाईंनी वळून पाहिलं. हरिभाऊ टोपी हातात घेऊन उभे होते आणि टेबलावरच्या बोक्याकडे पाहत होते. यांना काय ठाऊक, बाईंच्या मनात आलं. परवा सकाळपर्यंत तो गच्चीवर पारव्यांमागे धावत होता. ‘भुऱ्या, मधे मधे बोलू नका म्हणा त्यायले,’ हे अगदी जिभेवर आलं. पण भुऱ्या भुलीत होता. सांगणार कोणामार्फत?

“दोन महिने?” मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं. “कसा त्रास?”

“रात्रीतून चार-पाचदा उठा लागते,” हरिभाऊ म्हणाले. “जाऊन उभं राहा, उभं राहा, येत नाई. आली तं थेंब-थेंब. झाली असं वाटते, अन् अंथरुणावर येऊन पडलं का पुन्हा लागते.”

मॅडमचं पेन मंदावलं.

“रक्त?”

“एक-दोनदा. गुलाबी.” त्यांनी टोपीची घडी घातली, उलगडली. “हे वयामानानं होते म्हणतात नं, मॅडम? गोळीनं निभते का?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी हरिभाऊंकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“बोका किती वर्षांचा आहे?”

अंगणात म्हशीनं खोड्याला धडक दिली आणि योगेंद्र तिकडे गेला.

“तीन,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

त्यांचा स्वत:चा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. मागच्या दाराची कडी रात्री वाजायची. कितीतरी दिवसांपासून वाजायची. हे बोक्याला बाहेर सोडायला उठतात, असं त्यांनी धरून ठेवलं होतं आणि सकाळी बोक्यालाच रागवत होत्या: भुऱ्या, म्हाताऱ्या माणसाची झोप मोडतोस, लाज नाई वाटत? हरिभाऊ तेव्हा चहा पीत बसलेले असत. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की बोक्याचा यात काही दोष नाही. हल्ली स्वत:चे पायजमे स्वत: धुऊन टाकायचे, त्याचंही बाईंना कौतुक वाटलं होतं. ही असली जागा, असलं दुखणं. बायकोजवळ कसं काढायचं? चाळीस वर्षं ज्या घरात लघवी हा शब्दसुद्धा मोठ्यानं कोणी उच्चारला नव्हता, तिथं दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याचाच जप चालला होता, आणि हा माणूस ओसरीवर बसून तो ऐकत होता.

कालपासूनची भीती ट्रेतल्या धारेसोबत गेली असं त्यांना वाटलं होतं. ती गेली नव्हती.

मॅडमनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. बोक्याला कोणती गोळी कधी द्यायची हे नीट समजावलं. मग आवाज थोडा खाली आणून, कागदाकडेच पाहत त्या म्हणाल्या, “हे दोन महिन्यांचं जे सांगितलं, ते माझ्या हातातलं नाही. पण त्याला उशीर करू नका. वयाचं असेल तरी दाखवावं लागतं.”

बाईंनी बोक्याला लुगड्यात गुंडाळलं. नळी दुमडणार नाही अशा बेतानं पिशवीत ठेवलं. पिशवीचे बंद हातात घेतले आणि उभ्या राहिल्या.

“मॅडम, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात केसपेपर किती वाजता काढून देतात?”

“सकाळीच. लवकर गेलेलं बरं.”

हरिभाऊंनी घसा खाकरला. पिशवीकडे वाकून, नेहमीच्या स्वरात, अगदी हलकेच म्हणाले, “भुऱ्या, सावंगीले मांजरं घेत नाई म्हणा तिले.”

पिशवीत काही हललं नाही. सुलोचनाबाईंनी पिशवी टेबलावर परत ठेवली आणि नवऱ्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. हरिभाऊंच्या भुवया किती पांढऱ्या झाल्या होत्या.

“त्याले नका सांगू. मले सांगा,” त्या म्हणाल्या. “दोन महिने झाले नं?”

हरिभाऊंनी दाराकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि मग पाहायला दुसरं काही उरलं नाही म्हणून बायकोकडे पाहिलं.

“दोन नाई,” ते म्हणाले. “दिवाळीपासून.”