सतरा फूट कमरेचं गिऱ्हाईक

जावयाचं एक वागणं आक्कांच्या डोळ्यांत फार खुपायचं. शिलाईच्या दुकानांचं काही विचारलं की तो हाताची पाच बोटं पसरून दाखवायचा. "पाच दुकानं, पाच यंत्रं, आई. प्रत्येक माप पाचही ठिकाणी. एक यंत्र जळालं तरी चार आहेत!" जणू मापं त्यानंच घेतली होती! आक्का टेप घेऊन लोकांच्या पोटांना प्रदक्षिणा घालत होत्या तेव्हा हा पाळण्यात अंगठा चोखत होता. आता त्यांच्या अकरा वह्या त्यानं माळ्यावर टाकल्या होत्या आणि नवी मापं फक्त कॉम्प्युटरच्या यंत्रांत जात होती.

एक गोष्ट मात्र आक्कांनी हट्टानं करून घेतली होती. "कापडाला कात्री लावायच्या आधी आपण कागद कापतो. कोट बिघडला तरी कागद खुंटीला असतो. तुमचा कागद कुठाय?" मग नाक मुरडत जावयानं मोठमोठ्या कंपन्या वापरतात तसलं बॅकअपचं सॉफ्टवेअर घेतलं. रोज दुकानं बंद झाली की ते पाचही यंत्रांतल्या मापांची नक्कल काढून एका वेगळ्या पेटीत ठेवायचं. सकाळी जावई मोबाइलवरची हिरवी खूण घरभर दाखवत फिरायचा, पास झालेल्या पोरासारखा.

त्या बुधवारी टेबलावर वाद्यवृंदाच्या ऐंशी कोटांचं काळं कापड पसरलं होतं. वादक सोमवारी मापं देऊन दौऱ्यावर गेले होते, ते शनिवारी थेट रंगमंचावर उतरणार होते. कटर मास्तरांनी कात्री परजली. "हं, पहिलं माप सांगा."

आक्कांच्या लेकीनं यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा करकरीत.

"अहो!" तिनं नवऱ्याला अशी हाक मारली की शेजारच्या दुकानातले तिघे नवरे दचकले असतील.

जावई आतून आला तोच कपाळ पुसत. "मी फक्त एक खोटं गिऱ्हाईक पुसत होतो..."

"खोटं म्हणजे?" आक्कांनी विचारलं.

"यंत्र तपासायला बनवलेलं. कंबर सतरा फूट. तेवढं एकच पुसायचं होतं, तर चुकून सगळीच पुसली गेली."

"मग बाकीच्या चार दुकानांत असतीलच की."

जावयानं पाच बोटं वर केली आणि एकेक मिटत नेली. "एकानं पुसलं की बाकीची लगेच पुसतात, आई. रचनाच तशी आहे."

ऐंशी कोट बुडाले, त्यांच्यामागे दुकानाचं नावही बुडणार, आणि आक्कांना मेलं हसूच फुटलं. पाच शहाणे एकापाठोपाठ पाटी पुसताहेत हे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. मास्तरांनाही उचकी लागली. शेवटी पदरानं डोळे टिपत त्या म्हणाल्या, "उघडा आता ती पेटी."

"उघडतो. पण पाचही दुकानांनी थांबायला हवं. मध्येच कुणी नवं माप टाकलं की परत पहिल्यापासून."

आता आली पंचाईत. बाकीची चार दुकानं म्हणजे तीन मुलं आणि एक नणंद. एकानं ऊठ म्हटलं की दुसरं बैठक मारणार. आक्कांनी फोन उचलला. "टेप गळ्यात, हात खिशात. मी सांगेपर्यंत कुणाच्या कमरेकडे बघायचंसुद्धा नाही!" तिन्ही मुलांनी मुकाट टेप गळ्यात टाकले. वन्सं "बरं" म्हणाल्या, तेव्हाच आक्कांना शंका आली होती.

पडद्यावर आकडा चढू लागला. दहा टक्के, वीस, चाळीस... आणि अडला.

"चौथ्या दुकानातून माप आलंय," जावई कण्हला.

"वन्सं!" आक्का फोनवर गरजल्या. "थांबा म्हटलं होतं ना?"

"अर्ध्यावर कसं सोडू, वहिनी? छाती झाली, पोट राहिलंय. आणि पोट काय थोडंथोडकं नाही हो!"

"राहू द्या पोट!"

"पण हात वर करून उभे आहेत ना बिचारे."

"मग राहू देत वर! यंत्राला बोट लावलंत तर मीच येते तिकडे, चार दिवस मुक्कामाला."

चौथ्या दुकानानं हात खिशात घातले.

पुन्हा पहिल्यापासून. तीस, पन्नास, सत्तर. मास्तर हवेतच कात्री चालवत होते, कच, कच, कच. नव्वदला आकडा जरा रेंगाळला, तशी आक्कांनी यंत्रावर अशी नजर टाकली की तो एका उडीत शंभरावर गेला.

पडद्यावर पहिलंच नाव उगवलं ते खोट्या गिऱ्हाइकाचं. कंबर सतरा फूट!

हसता हसता लेक कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. पडद्यावर त्या नावाखाली एकामागून एक ऐंशी वादक आले. "बासरीवाला, छाती छत्तीस!" ती ओरडली, आणि मास्तरांची कात्री सुटली ती सुटलीच.

फोनमधून बारीक आवाज आला. "वहिनी, यांनी आता हात खाली केले तर चालेल का?"

जावयाला धीर आला. तो पुन्हा पाच बोटं पसरून म्हणाला, "बघितलंत ना आई? सगळं परत आलं!"

आक्कांनी ती पाचही बोटं धरून हळूच मिटली. "जावईबापू, तुमची पाचही यंत्रं फार गुणी. एकानं विहिरीत उडी मारली की बाकीची मागोमाग. पण असल्या गुणी माणसांवर घर चालत नाही. घरात कुणाचं न ऐकणारंही कुणीतरी लागतं. तुमच्याकडे अशा दोघी आहेत, ती पेटी आणि मी. यापुढे आम्हा दोघींना विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही, नाकसुद्धा!"