उघडून दाखवा

इस्पितळाच्या औषधखोलीत तिला सगळे सहीबाई म्हणत. भाऊ, म्हणजे तिथले सव्वीस वर्षं मुरलेले औषधवाले, वॉर्डातल्या एकेका पेशंटच्या गोळ्या पाकिटात भरत, पाकीट चिकटवत आणि तिच्या टेबलावर सरकवत. तिने ते उघडायचं, गोळ्या चिठ्ठीशी ताडून पाहायच्या आणि मगच दुसरी सही करायची, असा नियम. पण भाऊंचं पाकीट उघडायचं म्हणजे भाऊंवर उघडउघड संशय घ्यायचा. एवढी छाती कोणाची? नऊ वर्षं ती न उघडताच सही ठोकत आली होती.

अकरा आठवड्यांपूर्वी अशाच पाकिटातून एका म्हाताऱ्या सुताराला रक्त पातळ करणारी गोळी दुप्पट ताकदीची गेली. तीन दिवस गेली. मेंदूत रक्तस्राव झाला आणि सुताराची वाचा गेली. चौकशी झाली, दोन्ही गोळ्यांचे डबे सारख्या रंगाचे आहेत असं निघालं, डबे वेगवेगळ्या कपाटांत गेले आणि प्रकरण मिटलं. सहीबाईला कोणी चकार शब्दाने बोललं नाही. कोणीतरी बोलायला हवं होतं.

तेव्हापासून ती आतून बधिर झाली होती. जेवण पोटात जायचं, पण चव लागायची नाही. नवरा काही सांगू लागला की ती ‘हं’ म्हणायची, आणि तो बिचारा त्या ‘हं’वर भागवायचा.

धाकट्या बहिणीला वाटलं, ताईने धसका घेतलाय. “ताई, रोज एक तरी धाडसाचं काम कर. छोटंसंच. व्यायामासारखी सवय लागते बघ.”

ताईने ऐकलं. रांगेत घुसणाऱ्या माणसाला मागे पाठवलं. आठ दिवसांत उसवलेली चप्पल दुकानदाराशी वाद घालून बदलून आणली. अख्खी इमारत ज्यांना टरकून होती त्या वरच्या मजल्यावरच्या काकांना ठोकाठोक बंद करायला सांगितलं. बहीण हरखून गेली. सहीबाईला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. भीतीच वाटत नव्हती, मग धाडस कसलं डोंबलाचं?

आणि पाकिटं? त्यांच्यावर ती अजूनही न उघडताच सही करत होती. हे तिने बहिणीला सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सुताराचा मुलगा वडिलांना चाकाच्या खुर्चीतून तपासणीला घेऊन आला आणि नव्या गोळ्यांसाठी खिडकीशी थांबला. म्हातारा तिच्याकडे बघून ओठ हलवायला लागला. बराच वेळ हलवत राहिला.

“पाणी मागतायत बहुतेक,” मुलगा म्हणाला.

तिने पेला भरून दिला. म्हाताऱ्याने मान हलवून नको म्हटलं. पुन्हा ओठ हलवले, मग दमून नाद सोडला. त्याला काय हवं होतं ते कोणालाच कळलं नाही. मुलगा गोळ्या घेऊन खुर्ची ढकलत निघून गेला.

ती टेबलाशी परत आली. भाऊंनी पाकीट सरकवलं.

“भाऊ, उघडून दाखवा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

भाऊंना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी पाकीट फाडलं, गोळ्या टेबलावर ओतल्या आणि एकेक मोजून दाखवली. सगळं बरोबर होतं.

“झालं समाधान?” भाऊ म्हणाले. “तुझी पोरगी तापाने फणफणली होती तेव्हा चार दिवस तुझं काम मी ओढलं. तेव्हा नाही आला संशय?”

खोलीतली बाकीची माणसं उगाचच कपाटं आवरू लागली. भाऊंचा चेहरा लाल झाला होता आणि हनुवटी थरथरत होती. गेले अकरा आठवडे हा माणूसही धड झोपलेला नाही, हे तिला आत्ता दिसलं.

त्यांनी पुढचं पाकीट भरलं, अंगठ्याने दाबून चिकटवलं, तिच्यापुढे ठेवलं आणि पाठ फिरवली.

तिने पेन उचललं. सही करून टाकावी, असं तिला अगदी मनापासून वाटलं. तिने टोपण काढलं, परत लावलं. तिला भीती वाटत होती. भाऊंची, उद्याची, याच टेबलाशी अजून काढायच्या वर्षांची. इतकी भीती तिला कित्येक दिवसांत वाटली नव्हती.

“हेही बघते, भाऊ.”

भाऊ वळले नाहीत. “चूक सापडेपर्यंत हेच चालणार का तुझं?”

“नाही सापडली तरी चालणार.” तिचा आवाज चिरकला.

तिने पाकीट स्वतःच फाडलं. आत चारच गोळ्या होत्या, पण डोळे भरून आल्यामुळे त्या तिला दोनदा मोजाव्या लागल्या.